लेकीचा जे-१ वेव्हर: जेल रोडवर बसून केलेली उठाठेव

अमेरिकेत जे-१ व्हिसावर, म्हणजे शिक्षण-संशोधनाच्या देवाणघेवाणीच्या व्हिसावर, पोरं गेलेले आईबाप हल्ली मला शोधत येतात. पोरांना दोन वर्षं मायदेशी परतायच्या नियमातून माफी हवी असते, तिला वेव्हर म्हणतात. "प्रेसमधल्या काकांनी लेकीच्या वेव्हरचं केलंय, त्यांना विचारा," असं कुणीतरी सांगतं. मग चहा होतो, मी कपाटातून निळी फाइल काढतो आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगतो. आमची ही म्हणाली, "घसा बसवण्यापेक्षा एकदा लिहून काढा." म्हणून हे.

मी वकील नाही. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये ३१ वर्षं काढली, आता पेन्शनवर आहे. देशातले पासपोर्ट आणि स्टॅम्प पेपर छापणाऱ्या प्रेसमधल्या माणसाला लेकीच्या पासपोर्टसाठी आणि स्टॅम्प पेपरवरच्या प्रतिज्ञापत्रासाठी वणवण करावी लागली, याचं घरच्यांना फार हसू आलं. पण प्रेसची एक सवय कामी आली. तिथे कागद मोजून घेतात, मोजून देतात. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. या कामात कायद्याच्या ज्ञानापेक्षा मला ती सवय जास्त उपयोगी पडली.

लेक २०१६ च्या ऑगस्टमध्ये ओहायोला गेली, रिसर्च स्कॉलर म्हणून. विषय जैवरसायनशास्त्र. व्हिसाच्या शिक्क्यावर बारीक अक्षरात एक ओळ होती: कलम २१२ (ई) लागू, दोन वर्षांचा नियम आहे. ती ओळ आम्ही वाचली, आणि विमानतळावर कुठल्या टर्मिनलला जायचं या गडबडीत विसरलो. २०१९ च्या जानेवारीत विद्यापीठाने तिला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा ती ओळ उगवली.

आधी बघा, नियम तुम्हाला लागू तरी आहे का

नियम असा आहे. जे-१ वर गेलेल्या काही लोकांनी कार्यक्रम संपल्यावर मायदेशी येऊन एकूण दोन वर्षं राहायचं. सलग असायला हवीत असं नाही, तुकड्यातुकड्यानेही भरतात. ती भरल्याशिवाय किंवा माफी, म्हणजे वेव्हर, मिळवल्याशिवाय एच-१बी, एल, के हे व्हिसा मिळत नाहीत आणि ग्रीन कार्डही नाही. पर्यटक म्हणून जायला आडकाठी नाही. अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं की नियम आपोआप गळून पडतो, ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. गळून पडत नाही. जोडीदार जे-२ वर (जे-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) गेला असेल तर नियम त्यालाही लागतो, आणि मूळ जे-१ वाल्याला वेव्हर मिळाला की त्याचीही सुटका होते.

हा नियम तीन कारणांनी लागतो. एक, कार्यक्रमाला अमेरिकन सरकारचा किंवा आपल्या सरकारचा पैसा असेल. दोन, तुमचा विषय 'स्किल्स लिस्ट' नावाच्या, देशोदेशींना गरजेच्या कौशल्यांच्या यादीत तुमच्या देशापुढे असेल. तीन, तुम्ही डॉक्टर असाल आणि तिथे रेसिडेन्सी किंवा फेलोशिप, म्हणजे डॉक्टरकीचं पुढचं प्रशिक्षण, करायला गेला असाल.

आमच्या लेकीला नियम लागला तो दुसऱ्या कारणाने, निव्वळ यादीमुळे. आणि आता मुद्द्याची गोष्ट: ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ही यादी बदलली आणि तीतून भारताचं नाव निघालं. बदल मागच्या लोकांनाही लागू आहे. म्हणजे तुमच्या मुलाला केवळ यादीमुळे नियम लागला असेल, तर त्याला कदाचित वेव्हर मागायचीच गरज उरलेली नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी प्रतिज्ञापत्रासाठी वकील गाठला होता. मी त्यांना म्हटलं, आधी मुलाला फोन लावा. मुलाला ना सरकारी पैसा होता, ना तो डॉक्टर होता. तो चहा मी त्यांच्याकडून वसूल केला.

व्हिसावर ओळ आहे म्हणून नियम लागतोच असं नाही, आणि ओळ नाही म्हणून सुटलो असंही नाही. ती ओळ लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचं मत शेवटचं नसतं. शंका असेल तर परराष्ट्र खात्याच्या वेव्हर विभागाकडून 'ॲडव्हायझरी ओपिनियन' मागवा. त्याला फी नाही. सगळे डीएस-२०१९ फॉर्म (जे-१ कार्यक्रमाचा तपशील आणि मुदत असलेले) जोडायचे, लेखी उत्तर येतं. ते उत्तर जन्मभर जपून ठेवा.

फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवाल्यांसाठी एक कडू गोष्ट. तिथे दोन्ही सरकारांचा पैसा आहे, त्यामुळे यादी बदलली तरी तुमचा नियम जागेवरच आहे. ना-हरकत आणली तरी सरकारी पैशावर गेलेल्याला माफी मिळणं फार अवघड. अशा वेळी गुपचूप दोन वर्षं नाशकात काढावीत. हवा चांगली आहे.

कोणत्या वाटेने जायचं

वेव्हरच्या वाटा पाच. मायदेशाची ना-हरकत, अमेरिकेच्या एखाद्या सरकारी खात्याने 'हा माणूस आम्हाला हवाय' म्हणणं, परतल्यास छळ होईल असं दाखवणं, अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला वा मुलाला असाधारण त्रास होईल असं सिद्ध करणं, आणि डॉक्टरांसाठी राज्याच्या आरोग्य खात्याची शिफारस. रेसिडेन्सीवाल्या डॉक्टरांना पहिली वाट बंद आहे. ते बहुतेक 'कॉनराड ३०' ने जातात: दर राज्याला वर्षाला ३० जागा, आणि डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी. त्यांनी तिथलाच चांगला वकील धरावा, माझ्याकडे येऊ नये. मला फक्त ना-हरकतीची वाट माहीत आहे, तीच सांगतो.

लेकीने तिकडे काय केलं

सुरुवात तिकडून होते. डीएस-३०३५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा. भरून झाला की केस नंबर मिळतो आणि बारकोड असलेली पानं छापायला येतात. नंबर आधी मिळतो, कागद नंतर पाठवायचे, त्यामुळे घाईने भरून टाकायचा मोह होतो. भरू नका. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. का, ते पुढे सांगतो.

छापलेल्या अर्जासोबत पासपोर्टच्या माहितीच्या पानाची प्रत, आजवर मिळालेल्या सगळ्या डीएस-२०१९ च्या प्रती (एकही वगळायचा नाही, जुन्या विद्यापीठाचासुद्धा), वेव्हर का हवा याचं निवेदन, स्वतःचा पत्ता घातलेली आणि तिकीट लावलेली दोन पाकिटं, आणि फी. तेव्हा फी १२० डॉलर होती, आणि लेकीने मनीऑर्डरने भरली. ती परत मिळत नाही. हे सगळं मिसुरीतल्या सेंट लुइसच्या पत्त्यावर गेलं, पाकिटावर बाहेरून केस नंबर लिहून. पत्ता, फी आणि भरायची पद्धत तुम्ही भराल त्या दिवशी खात्याच्या साइटवरून घ्या, माझ्या फाइलमधून नको.

निवेदन लिहिताना पोरं निबंध लिहितात. आमच्या लेकीने पहिला मसुदा चार पानांचा केला होता, त्यात आजीचं मधुमेहाचं दुखणंही होतं. मी म्हटलं, अगं, आजीमुळे तू परत यायला हवीस असं निघतंय यातून. शेवटी एका पानात बसवलं: काय काम केलं, पुढे काय करणार, कोणत्याही सरकारचा पैसा घेतलेला नाही, भारताची ना-हरकत येते आहे.

बारकोडच्या पानांत एक 'थर्ड पार्टी' पान असतं. ते आपल्या वाणिज्य दूतावासाला द्यायचं. कारण ना-हरकत पत्र आपण पाठवायचं नसतं. ते भारतीय दूतावासाकडूनच थेट अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडे जावं लागतं. तुम्ही स्वतः जोडलेल्या पत्राला रद्दीची किंमत.

आणि बापाने इकडे काय केलं

दूतावास ते पत्र हवेतून देत नाही. त्याला आधी भारतातून दाखले लागतात. या सगळ्या प्रकरणाला आपल्याकडे 'नोरी' म्हणतात. भारतात परतण्याचं बंधन नाही, असा दाखला. तिघांची ना-हरकत लागते: दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयाचा उच्च शिक्षण विभाग (आमच्या वेळी मनुष्यबळ विकास म्हणायचे), राज्य शासन, आणि पासपोर्ट देणारं कार्यालय. मंत्रालयाने आता नोरीसाठी ऑनलाइन पोर्टल केलं आहे, त्यामुळे माझ्याइतके जोडे झिजणार नाहीत. पण कागद तेच, आणि चुकाही त्याच.

सगळ्यात आधी लेकीने न्यूयॉर्कच्या आपल्या दूतावासातून दोन गोष्टी साक्षांकित करून पाठवल्या. तिचं प्रतिज्ञापत्र, आणि माझ्या नावाचं अधिकारपत्र. अधिकारपत्राशिवाय बाप हा त्रयस्थ इसम. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण काउंटरपलीकडचा माणूस बरोबर असतो. मीही प्रेसच्या गेटवर कुणाच्या बापाला आत सोडलं नसतं.

मग माझं प्रतिज्ञापत्र. सीबीएसजवळ, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, जिल्हा न्यायालयाच्या बाहेर स्टॅम्प व्हेंडर आणि टायपिंगवाले बसतात, तिथे गेलो. तेव्हा शंभराच्या स्टॅम्पवर झालं. टायपिस्ट पोरगा हुशार, हात भरभर चालणारा. त्याने मजकूर टाकला, नोटरीने सही-शिक्का मारला, मी खुश होऊन रिक्षात बसलो. घरी येऊन चष्मा लावला तर जन्मस्थान 'नाशिक' असं नव्या स्पेलिंगने, 'एस' नंतर 'एच' घालून. लेकीच्या पासपोर्टवर मात्र जुनं, बिनएचचं.

हसू नका. हाच एक 'एच' मला पाच आठवडे पडला. कारण लेकीने डीएस-३०३५ मध्येही सवयीने 'एच' घातला होता, आणि तो मी पकडला नव्हता. एका कार्यालयातून अर्ज परत आला. शेरा असा की कागदपत्रांतला तपशील जुळत नाही. आणि तो फक्त 'एच' नव्हता, नावाचाही घोळ होता. आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात मुलीचं नाव आणि बापाचं नाव दोन्ही बसतात. अमेरिकेतल्या विद्यापीठाला बापाशी देणंघेणं नाही. त्यांच्या पत्रात नुसतं तिचं नाव आणि आडनाव. डीएस-२०१९ वर तिन्ही. माझ्या प्रतिज्ञापत्रात टायपिस्टने आपल्या मनाने 'कु.' लावलेलं. चार कागदांवर चार मुली!

म्हणून आता मी कुणालाही पहिली गोष्ट ही सांगतो. एक कोरा कागद घ्या. त्यावर पासपोर्टवरचं नाव, जन्मस्थान, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक जसंच्या तसं लिहा. इंग्रजी स्पेलिंगसकट. प्रत्येक अर्ज, प्रत्येक पत्र त्या कागदाशी ताडून मगच सही. मुलीचं लग्न होऊन आडनाव बदललं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर हे दुप्पट लागू. आणि कुठल्या कागदावरचं नाव बदलणं शक्यच नसेल, तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं वेगळं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. विद्यापीठाच्या पत्रापुरतं आम्ही तेच केलं. डीएस-३०३५ मधली चूक लेकीने केस नंबर देऊन तिकडे कळवून दुरुस्त करून घेतली.

राज्याच्या दाखल्यासाठी मुंबईला मंत्रालयात तीनदा गेलो. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी पकडायची, सीएसएमटीला उतरायचं, गार्डन गेटला पाससाठी रांग. सामान्य अभ्यागतांना आत सोडतात दुपारी दोननंतर, त्यामुळे घाईने पोचून उपयोग नाही. पहिल्या खेपेला मी साडेअकराला रांगेत उभा होतो, दुसऱ्या खेपेला आधी जेवलो. अर्ज कोणत्या विभागाकडे द्यायचा ते त्या दिवसाच्या सूचनेतून घ्या, शेजाऱ्याच्या जुन्या अर्जावरून उतरवू नका.

अर्ज टेबलावर ठेवून येऊ नका. टपाल शाखेत द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. तो क्रमांक नसेल तर तुम्ही आलाच नव्हता. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण मी ३१ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूने ऐकली आहे, त्यामुळे हक्काने सांगतो. आतल्या माणसाला चिडून बोललात तर फाइल खाली जाते. क्रमांक आणि तारीख सांगून विचारलंत तर निदान शोधावी लागते.

मध्येच एक दिवस हवालदार घरी आले. लेकीची चौकशी. इथे गुन्हा वगैरे नाही ना, कुणाची देणी नाहीत ना, सरकारी नोकरीत होती का. ही घाबरली, तिला वाटलं पोरीला काही झालं. शेजारच्या दोघांच्या सह्या लागल्या. तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पोलीस येऊ शकतात, आणि लेकीच्या शाळा-कॉलेजच्या दाखल्यांच्या प्रती, रेशनकार्ड, लाइटबिल एका पिशवीत तयार ठेवा. मुलाने आधी सरकारी किंवा निमसरकारी नोकरी केली असेल, किंवा कुणाला बॉण्ड लिहून दिला असेल, तर तिथलीही ना-हरकत लागेल. तिची सुरुवात सगळ्यांत आधी करा.

पासपोर्टचं म्हणाल तर नाशिक मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. नाशिकला सेवा केंद्र आहे, पण असा दाखला तिथे मिळत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात जावं लागलं. दिल्लीचे कागद मी स्पीड पोस्टाने पाठवले आणि दर सोमवारी फोन केला. दर सोमवारी. दिल्लीतल्या एका लिपिक बाईंनी जूनमध्ये स्वतःहून सांगितलं, "नाशिकवाले अंकल, आपका हो गया."

दाखले मिळाल्यावर

तिन्ही मूळ दाखले लेकीला कुरिअरने पाठवले. आधी रंगीत स्कॅन आणि दोन-दोन झेरॉक्स काढल्या. तिने ते बारकोडच्या पानासह दूतावासाला दिले. दूतावासाने आपलं पत्र वॉशिंग्टनला पाठवलं. केस नंबर टाकला की परराष्ट्र खात्याच्या साइटवर कोणता कागद पोचला ते दिसतं. लेक रोज बघायची, मीही इकडून बघायचो. आमचं त्या काळातलं बोलणं म्हणजे, "बाबा, आलं का?" "नाही, तुला दिसतंय का?" एवढंच.

इथे एक समजून घ्या. परराष्ट्र खातं फक्त शिफारस करतं. माफी देतं ते इमिग्रेशन खातं, यूएससीआयएस. शिफारस अनुकूल झाली की कागद आपोआप तिकडे जातात, ना-हरकतीच्या वाटेवर वेगळा अर्ज करावा लागत नाही. मग आय-६१२ या नावाने पावती येते आणि शेवटी आय-७९७ वर मंजुरी. मधल्या काळात घर बदललं तर पत्ता लगेच कळवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्या पोरांची मंजुरी जुन्या पत्त्यावर जाते.

आणि एक धोक्याचं. परराष्ट्र खात्याने शिफारस केली की जे-१ चा कार्यक्रम पुढे वाढवता येत नाही. लेकीचा डीएस-२०१९ त्या वर्षीच्या जुलैत संपत होता. तिने आधी तो वर्षभर वाढवून घेतला, मग शिफारसीची वाट पाहिली. उलट झालं असतं तर मुदत संपायची आणि एच-१बी हातात नसायचा. रिसर्च स्कॉलरची कमाल मुदत पाच वर्षं असते, तीही मोजून घ्या. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारल्याशिवाय डीएस-३०३५ पाठवायचाच नाही. विद्यापीठांना एच-१बी चा वार्षिक कोटा आणि लॉटरी लागत नाही, म्हणून आमचं वर्षाच्या अधेमध्ये जमलं. खासगी कंपनीत जाणाऱ्यांनी लॉटरीचं वेळापत्रक धरून किमान वर्षभर आधी सुरुवात करावी.

जानेवारीत सुरू केलेलं काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपलं. लेकीने मंजुरीचा फोटो पाठवला, तेव्हा मी बिटको चौकात भाजी घेत होतो. तिथेच उभ्याउभ्या फोटो मोठा करून आधी नावाचं स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं. मग तिला फोन केला आणि सांगितलं, मूळ कागद लॅमिनेट करू नकोस, पुढे ग्रीन कार्डाच्या वेळीही हाच लागेल.